दोनपाशी ओढलेली रेघ

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित घेतलं तर डोकं नसलं तरी भागायचं, काचेचा टीपॉय मात्र लागायचा. टीपॉयखाली ट्यूबलाइट आडवी ठेवायची, खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, काचेवर मास्टर कॉपी आणि मास्टर कॉपीवर कोरा ग्राफ पेपर. खालून उजेड आला की वरून पेन्सिल फिरवत सुटायचं. याला ट्रेस मारणं म्हणत. रविवारच्या एका दुपारी बारा ग्राफ निघायचे. फंक्शन कुठलं आहे, वक्र वर का जातो आणि खाली का येतो, असल्या भानगडीत पडायचं कुणाला काही कारणच नव्हतं. आमच्या वर्गातल्या साठेक जणांनी गणित असं ओणवं बसून केलं. पाठीला रग लागली की अभ्यास झाला, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती.

मास्टर कॉपी मिळायची भाईंदर पूर्वेच्या एका झेरॉक्सवाल्याकडे. आपण तोंड उघडायच्या आत तो विचारायचा, "मैथ्स का पूरा सेट है, वायवा के साथ. दूँ?" वायवा म्हणजे तोंडी परीक्षा. तिच्यात येणारे वीस प्रश्न आणि त्यांची वीस उत्तरं सेटच्या शेवटी जोडलेली असत, म्हणजे तोंडाचीही सोय झाली. हा सेट कुणा जुन्या सीनियरच्या जर्नलचा होता. तो कोण, पास झाला की नापास, आता कुठे असतो, कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या जर्नलची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, असं ते घराणं आमच्यापर्यंत येऊन पोचलं होतं. मधल्या कुठल्यातरी पिढीत मशीनच्या काचेवर घाण पडली असणार, कारण प्रत्येक पानावर उजवीकडे खाली, त्याच जागी, एक काळा ठिपका होता. आमच्या वर्गाने तो ठिपका बाराच्या बारा ग्राफांत इमानेइतबारे काढला. एका हुशार मुलाने तर त्याच्याशेजारी कंसात तीन आणि वजा चार असे आकडेही लिहिले.

सर सह्या करायचे. त्यांना दोष द्यावा तर ते सकाळी कॉलेज, दुपारी एक क्लास आणि संध्याकाळी दुसरा क्लास असे तीन ठिकाणी गणित वाटत फिरत. जर्नल समोर आलं की ते ग्राफ बघत नसत, ग्राफ मोजत. मोजून झाले की लाल पेनाने सही. एखादं पान बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं तरच त्यांची नजर अडायची, आणि वेगळं म्हणजे चूक, हा त्यांचा सोपा हिशेब होता. साठ जर्नलं एकसारखी दिसली तर शंका यायला हवी, इतकं साधं गणित त्या गणिताच्या माणसाला कधी सुचलं नाही.

मी ट्रेस मारत नव्हते. हे मी तेव्हा दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. आम्हाला भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला येऊन सहा वर्षं झाली होती, तरी आई भाजीवाल्यालासुद्धा "आम्ही मूळचे गिरगावातले" असं सांगायची, आणि तिचं ते वर केलेलं नाक मी जसंच्या तसं उचललं होतं. भाईंदरचं कॉलेज, भाईंदरचे सर, भाईंदरची पोरं, सगळ्यांकडे मी जरा वरूनच बघायचे. त्यात माझा मामा अमेरिकेत. त्या दिवाळीत तो आला तेव्हा माझ्यासाठी त्याच्या मुलाचं वापरून झालेलं एक पुस्तक आणि एक ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेऊन आला. मग तर काय, बघायलाच नको.

पुस्तक विटेएवढं जाड होतं. तिकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जो अल्जेब्रा शिकवतात तो त्यात होता, आणि त्यातला निम्मा आमच्याकडे नववी-दहावीतच उरकतात हे बघून मला फार आनंद झाला. सरळ रेषेचं समीकरण सांगायला त्यांना चार पानं आणि पिझ्झाचा रंगीत फोटो लागत होता. दर दोन पानांआड एक निळी चौकट: आता हे बटण दाबा, आता ते बटण दाबा, आता पडद्यावर बघा. मी ते पुस्तक मुख्यतः हसण्यासाठी उघडायचे. घोडे झालेल्या मुलांना बोट धरून बटणं दाबायला शिकवतात, असं मी वर्गात सांगत सुटले होते. आमच्याकडे टीपॉय आणि त्यांच्याकडे बटण, एवढाच काय तो फरक, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

यंत्र मात्र मला मनापासून आवडलं. काळपट राखाडी, टीव्हीच्या रिमोटपेक्षा रुंद, आत चार सेल. फंक्शन टाकून ग्राफचं बटण दाबलं की छोट्याशा पडद्यावर डावीकडून उजवीकडे ठिपक्याठिपक्यांनी वक्र सरकत यायचा. शेजारच्या गुजराती भाभी बघायला आल्या आणि "आमां फोन लागे?", म्हणजे यावरून फोन लागतो का, असं विचारून निराश होऊन गेल्या. आईने त्याला शोकेसमध्ये, माझ्या चौथीच्या स्कॉलरशिपच्या ट्रॉफीशेजारी जागा दिली. मी पडद्यावरचा ग्राफ बघायचे आणि तो जर्नलमध्ये हाताने उतरवायचे. टीपॉय नाही, ट्यूबलाइट नाही. म्हणजे मी स्वतः गणित करते, असं माझं ठाम मत होतं. वायवाचा सेट तेवढा मीही झेरॉक्सवाल्याकडून घेतला होता, पण तो मी कुणाला दाखवत नसे.

वर्गात एक मुलगी मुर्ध्याहून यायची. बसने भाईंदर पश्चिमेला, तिथून पूल ओलांडून पूर्वेला, असा तिचा रोजचा प्रवास. आम्ही तिला मुर्धावाली म्हणायचो, तिच्या तोंडावरसुद्धा. तिचं खरं नाव हजेरीत सर घ्यायचे तेव्हाच ऐकू यायचं. तिचे वडील आधी मिठागरात होते. मिठागर भरून तिथे बिल्डिंग उठायला लागली तेव्हा ते त्याच बिल्डिंगवर वॉचमन झाले. ती बोलायला लागली की हाय, न्हाय यायचं आणि वर्गात खसखस पिकायची. मीही हसायचे. मी तर जरा जास्तच हसायचे.

तिचं सगळं एका गोष्टीवर अडलेलं होतं आणि ती ते कुणापासून लपवत नसे. भाईंदर पूर्वेच्या एका क्लासवाल्यांनी तिला शब्द दिला होता: पहिल्या वर्षाचं गणित एका झटक्यात सुटलं, केटी लागली नाही, तर जूनपासून आठवी-नववीच्या मुलांना शिकवायला उभी राहा. केटी म्हणजे एखादा विषय अडकणं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसता येतं, पण तिच्या घरी तेवढा धीर नव्हता. केटी लागली तर कॉलेज बंद, असं ठरलेलं होतं. थोरल्या बहिणीचा नवरा हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात पॅकिंगला होता आणि तिथे हिच्यासाठीही एक स्टूल रिकामं ठेवलेलं होतं.

"मना शिकवायला आवडतंय गो," ती म्हणायची. "शेजारच्या पोरांना शिकवते ना मी. ती पोरं मग मना प्रश्न इचारतात. मजा येते."

प्रश्न विचारलेले आवडणारी ही आमच्या कॉलेजातली बहुधा एकुलती एक व्यक्ती असावी.

ती ट्रेस मारायची नाही. घरी काचेचा टीपॉय नव्हता हे एक कारण झालं, पण वर्गातल्या एकीने तिला घरी बोलावलं होतं तरी ती गेली नव्हती. ती आधी टेबल करायची. डावीकडे एक्सच्या किमती, उजवीकडे त्यावरून काढलेल्या वायच्या, मग एकेक बिंदू, मग वक्र. एका ग्राफला तिचे दोन-दोन दिवस जायचे. प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा बाकीच्यांचे बारा ग्राफ सहीसकट तयार होते आणि तिचे आठ झाले होते. मला तिची दया यायची, म्हणजे जी दया आपण वर उभं राहून करतो ती.

तिचा आठवा ग्राफ होता वन अपॉन एक्स मायनस टू. एकाला एक्स वजा दोनने भागायचं, इतकं साधं फंक्शन. पण एक्स जर दोनच घेतला तर खाली शून्य येतं आणि भागाकार होतच नाही. तिने दोनच्या जवळजवळच्या किमती घेतल्या होत्या. एक पूर्णांक नऊ दशांशला वाय वजा दहा, आणखी जवळ गेलं की वजा शंभर, आणखी जवळ वजा हजार. पलीकडच्या बाजूने तेच, फक्त अधिक. "बघ, कागद संपला पण ही संपत न्हाय," असं तिने मला कौतुकाने दाखवलं होतं. म्हणून तिने दोन वेगळे वक्र काढले, एक खाली जाणारा, एक वरून येणारा, आणि मध्ये दोनपाशी एक तुटक उभी रेघ, की इथे काही नाही, इथे कुणी यायचं नाही.

मास्टर कॉपीत मात्र त्या सीनियर महाशयांनी बिंदू म्हटले की जोडायचे, या न्यायाने डावीकडचा शेवटचा बिंदू आणि उजवीकडचा पहिला बिंदू यांच्यात खालपासून वरपर्यंत एक झणझणीत सरळ रेघ ओढून दिली होती. साठ जणांच्या जर्नलांत ती रेघ होती. सरांची नजर मुर्धावालीच्या पानावर अडली. त्यांनी लाल पेनाने गोल केला आणि लिहिलं, इन्कम्प्लीट, जॉइन द पॉइंट्स. सही केली नाही.

"सर, तिथं काय न्हाय," ती म्हणाली.

वर्ग हसला. सरही हसले. "सगळ्यांना तिथे काहीतरी सापडलं, तुलाच बरं नाही सापडलं? जोडून आण, मग सही."

सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. ती त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे आली. मास्टर कॉपीवर तिचा विश्वास नव्हता, सरांवरही फारसा नव्हता, पण अमेरिकेच्या मशीनवर होता. "तुझ्या मशीनवर बघून सांग ना," ती म्हणाली. "ते म्हनलं रेघ हाय, तं मी मारते."

मी तिला घरी घेऊन गेले. एवढ्या लांबून एक माणूस माझं यंत्र बघायला येतंय याचाच मला आनंद होता. आईने मला कपात चहा दिला आणि तिला स्टीलच्या पेल्यात दिला. तिला ते कळलं, मला ते कळलं, आणि आम्ही दोघी यंत्रावर वाकलो.

मी फंक्शन टाकलं, कंसबिंस नीट देऊन, आणि बटण दाबलं. डावीकडून वक्र सरकत आला, दोनच्या जवळ येऊन खाली कोसळला, आणि मग तिथूनच एक उभी रेघ थेट वर गेली आणि उजवीकडचा वक्र सुरू झाला. रेघ होती. सीनियरने मारली होती तशीच, तिथेच.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

ती पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "यात दोन घालून बघ ना."

"कशाला?"

"एक्सच्या जागी दोन घातलं तं मशीन काय सांगतंय ते बघू."

इथे मला खरं सांगायला हवं. त्या यंत्रात एक्सच्या जागी दोन कसा घालायचा, ते मला माहीत नव्हतं. चार महिने ते माझ्याकडे होतं आणि मला त्यातली फक्त दोन बटणं येत होती. पुस्तकात कुठेतरी दिलेलं असणार, त्याच निळ्या चौकटींत, ज्यांना मी हसत होते. पण पुस्तक काढून मुर्धावालीच्या समोर पानं उलटायची, आणि मला येत नाही असं तिला दिसू द्यायचं? मी गिरगावातली होते ना.

म्हणून मी अकलेचे तारे तोडले. "अगं, एकीकडून तो खालच्या इन्फिनिटीला जातो आणि दुसरीकडून वरच्या इन्फिनिटीहून येतो. दोन्ही इन्फिनिटीच. मग मध्ये जोडलेलं असणारच ना. ही रेघ म्हणजे तीच." शून्याने भागता येत नाही हे मला सातवीपासून पाठ होतं. पाठ होतं, बस. आणि वर आणखी एक ठेवून दिलं, "तू काय त्या मशीनपेक्षा हुशार आहेस का?"

तिने चहा संपवला. जर्नल उघडलं. खोडरबराने ती तुटक रेघ पुसली, सावकाश, कागद फाटू नये म्हणून एका बाजूने बोट दाबून धरून. मग पट्टी लावून दोनपाशी खालून वर एक सरळ रेघ मारली. "मशीन खोटं कशाला बोलंल," ती म्हणाली, पण ती माझ्याशी बोलत होती असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी आठ ग्राफ मोजले, चार कमी आहेत म्हणून कुरकुर केली आणि सही दिली.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक्स्टर्नल येतात. आमच्याकडे एक्स्टर्नल म्हणजे जावई. आदल्या दिवशी सरांनी गणिताबद्दल चकार शब्द काढला नाही, पण खमण कुणी आणायचं, कचोरी कुणी, थंड कुणी, हे मात्र रोल नंबरप्रमाणे वाटून दिलं. त्या वर्षी आलेल्या मॅडम बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी पहिलंच जर्नल त्या ठिपकेवाल्या हुशार मुलाचं उघडलं.

"हा पॉइंट कुठून आला?"

"मॅडम, तो गिव्हन आहे."

मॅडमनी पुढची तीन जर्नलं चाळली. सगळीकडे ठिपका होता. त्यांनी कचोरीची बशी बाजूला सारली. त्यानंतर त्यांनी कुणालाही काही खोलात विचारलं नाही. व्याख्या विचारायच्या, पोरं सेटमधलं उत्तर म्हणायची, मार्क पडायचे. सर बशीतलं खमण संपवत होते.

मग मुर्धावालीचं जर्नल आलं. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते, माझा नंबर तिच्यानंतर. मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि त्या सरळ होऊन बसल्या. ठिपका नव्हता. टेबलं होती. खाडाखोड होती. त्यांनी पानं हळू उलटायला सुरुवात केली. मला आठवतंय, मला तेव्हा असूया वाटली होती. आठ तर ग्राफ, आणि त्यांत एवढं बघण्यासारखं काय आहे?

आठव्या ग्राफाशी त्या थांबल्या.

"टेबलमध्ये दोनच्या इतक्या जवळ गेलात. दोन कुठाय?"

"तिथं काय येत न्हाय मॅडम."

"बरोबर. मग ही रेघ कसली?"

तिने रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मशीनवर बघितली."

"कसलं मशीन?"

सरांनी तोंडातला घास गिळला. "मशीन? जर्नल स्वतः काढायचं असतं. मशीनवर बघून उतरवायचं नसतं," ते म्हणाले. साठ टीपॉयांवर सह्या करणारे सर म्हणाले.

"टेबल माझं हाय सर. टेबल मी केलंय."

"टेबल सांगतं इथे काही नाही, ग्राफ सांगतो, इथे रेघ आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उतरलेला होता. "म्हणजे टेबल एकीकडून घेतलंत आणि ग्राफ दुसरीकडून. मला उगाच वाटलं होतं. कुणाचं मशीन?"

यंत्र माझ्या बॅगेत होतं. परीक्षा झाल्यावर दुसऱ्या वर्गातल्या मुलींना दाखवायला म्हणून मी ते आणलं होतं. एक वाक्य म्हणायचं होतं. मशीन माझं आहे, रेघ मी मारायला लावली, तिचं आधी बरोबर होतं. पानावर तुटक रेघेच्या पुसलेल्या खुणा होत्या, मॅडमनी उजेडात धरलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं. मी पायाने बॅग खुर्चीखाली आत सरकवली. मुर्धावालीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही म्हणूनच कुणाला कळलं नाही.

"उतरवलेलं आहे," मॅडम म्हणाल्या आणि लाल पेनाने काहीतरी लिहिलं.

माझा नंबर आला. त्यांनी माझ्या जर्नलमधली तीच रेघ बघितली, उसासा टाकला आणि असिम्टोट म्हणजे काय ते विचारलं. वक्र जिच्या जवळ जवळ जातो पण जिला कधी पोचत नाही अशी रेषा. वायवाच्या सेटमधलं सातवं उत्तर. मी ते न अडखळता म्हटलं. "गुड," मॅडम म्हणाल्या. ज्या रेषेला वक्र कधी पोचत नाही असं मी तोंडाने म्हणत होते, तीच वक्राचा भाग म्हणून मी माझ्या जर्नलमध्ये पेन्सिल दाबून काढली होती, आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला सगळा वर्ग पास. नापास एक. नक्कल करून जर्नल काढल्याबद्दल आमच्या सबंध वर्गात ज्या एका मुलीला नापास केलं, ती नक्कल न करणारी एकुलती एक मुलगी होती. या गोष्टीवर हसावं असं कित्येक वर्षं मला वाटत आलंय. अजून जमलेलं नाही.

निकालानंतर आठवड्याने त्या क्लासवाल्यांचा घरी फोन आला. ते बाबांच्या ओळखीचे निघाले. "वो मुर्धावाली लड़की का तो रह गया," ते म्हणाले, "आप आओगी क्या, एट्थ-नाइन्थ के लिए?" मी लगेच हो म्हटलं. विचार करून सांगते असंसुद्धा म्हटलं नाही. आईने पेढे आणले.

दोन दिवसांनी सकाळी मुर्धावाली आमच्या दारात उभी होती. ती रडलेली नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "मशीन जरा देतेस? आनि ते जाडं पुस्तक."

मी यंत्र शोकेसमधून काढून दिलं. परीक्षेच्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता. ती खाली सतरंजीवर बसली. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी होती, ती बोट फिरवत वाचली, पान काढलं, निळी चौकट वाचली. मग दुसरी. आईने चहा आणून ठेवला, त्याच पेल्यात. मी कॉटवर बसून होते. पंधराएक मिनिटं ती वाचत होती, बटण दाबत होती, चुकलं की पुन्हा वाचत होती. पंधरा मिनिटं. एवढंच लागत होतं.

मग तिने यंत्र माझ्याकडे वळवलं. पडद्यावर टेबल होतं, तिच्या जर्नलमधल्यासारखंच, डावीकडे एक्स आणि उजवीकडे वाय. शून्य, एक, दोन, तीन, चार. दोनच्या समोर आकडा नव्हता. तिथे यंत्राने स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं, एरर. शेजारशेजारचे दोन ठिपके जोडायचे एवढंच त्याला ग्राफ काढताना कळत होतं, म्हणून त्याने रेघ मारली होती. त्या सीनियरने मारली तशीच. पण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

"ह्याला ठावं व्हतं गो," ती म्हणाली. "आपनच इचारलं न्हाय."

आपण म्हणाली ती. मी तर "कशाला?" म्हटलं होतं, आणि ती तर विचारून बघ म्हणत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माफ कर हे शब्द मी त्या वयापर्यंत कुणाला म्हटलेच नव्हते, आणि मुर्धावालीला पहिल्यांदा म्हणायचे हे मला जमेना. मी विचारलं, "ऑक्टोबरला बसशील ना?"

"सोमवारपास्नं हाटकेशला जातेय," ती म्हणाली. "आठ ते आठ."

तिने चहा प्यायला, मोरीत जाऊन पेला विसळून पालथा घातला. पुस्तक मिटून यंत्र त्याच्यावर नीट ठेवलं. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. एक जिना उतरून ती थांबली आणि वर बघून म्हणाली, "तू बी सोमवारपास्नंच ना? क्लासवाल्यांनी सांगितलं मना."

मी मान हलवली.

"पोरं लय इचारतात," ती म्हणाली. "येत नसलं तं येत न्हाय म्हनून सांग त्यांना. त्या दिवशी मना सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मना दिसत व्हतं, तुला दोन घालता येत न्हाय ते."